अंगठ्याने ओढायची कमान: कोरियन गुक्गुंग, शिंगाचं धनुष्य, आणि अंगठाच का?

सुवोनकर

मागे गप्पांच्या धाग्यावर दोघांनी विचारलं होतं की कोरियात कमान अंगठ्याने कशी आणि का ओढतात, म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

कोरिया आणि तिरंदाजी म्हटलं की ऑलिम्पिकची सुवर्णपदकं आठवतात. ती तिरंदाजी वेगळी. तिला इथे 'यांगगुंग' म्हणतात: पाश्चात्त्य धाटणीची कमान, तीन बोटांनी ओढायची, लक्ष्य ७० मीटरवर. मी सुट्टीच्या दिवशी जातो ती 'गुक्गुंग', इथली देशी. लक्ष्य १४५ मीटरवर. कमानीला नेम धरायची काडी नाही, बाण टेकवायला खाच नाही, तोल सांभाळणाऱ्या दांड्या नाहीत. आणि दोरी ओढायची एकट्या अंगठ्याने.

आधी पकड. उजव्या हाताचा माणूस धरू. कमान डाव्या मुठीत. उजवा अंगठा बाणाच्या खालून दोरीभोवती वळवायचा आणि त्याच्या नखावर तर्जनी दुमडून कडी घालायची. मधलं बोट काहीजण मदतीला घेतात. बाकीची बोटं मिटलेली. बाण कमानीच्या उजव्या बाजूला, डाव्या अंगठ्याच्या पेरावर टेकलेला. इथेच ऑलिम्पिक बघितलेला माणूस अडतो, कारण तीन बोटांच्या पद्धतीत बाण डावीकडे असतो. ही नुसती रीत नाही. दोरी ओढताना हात तिला थोडा पीळ देतोच. तीन बोटांनी ओढलं की पीळ एका दिशेने बसतो, अंगठ्याने ओढलं की उलट्या. अंगठ्याच्या पद्धतीत तळवा किंचित जमिनीकडे वळवला की बाण आपोआप कमानीला चिकटून राहतो. घोडा उधळत असला, मान मागे वळवून बाण सोडायचा असला तरी तो घसरत नाही. डावी-उजवी बाजू चुकली तर मात्र पहिला बाण पायाशीच पडतो.

पण अंगठाच का? इंटरनेटवर याची उत्तरं बहुतेक दोरी ओढताना अंगठ्यात घालायच्या अंगठीभोवती फिरतात: जेडची, हस्तिदंताची, कुणा बादशहाची. माझं मत असं की अंगठी ही शेवटची गोष्ट. सुरुवात कमानीच्या लांबीपासून करायला हवी. कोरियन कमान साधारण सव्वा मीटरची, आणि तिच्यावर ८० सेंटीमीटरच्या आसपासचा बाण पुरा ओढायचा. एवढ्याशा कमानीवर एवढं ओढलं की दोरी हाताशी फार अरुंद कोन करते. त्या कोनात तीन बोटं घातली तर वरचं आणि खालचं बोट मधल्यावर दाबली जातात, बाणाची शेपटी चिमटते आणि सुटताना तीन ठिकाणांहून दोरी निसटावी लागते. अंगठा एकच. कोन कितीही अरुंद असो, त्याला काही फरक पडत नाही. तर्जनीची कडी उघडली की दोरी एकाच जागेवरून सुटते. इंग्रजांचं लांब धनुष्य माणसाच्या उंचीचं, कधी त्याहून मोठं. त्याचा कोन मोकळा, म्हणून त्यांना बोटं पुरली. आखूड कमान, अंगठा, उजव्या बाजूचा बाण, अंगठी, हे सगळं मिळून एक यंत्र आहे. त्यातला एक तुकडा उचलून दुसऱ्या कमानीला जोडायला गेलं की तक्रारी सुरू होतात.

आता कमानच एवढी आखूड का ठेवता आली? कारण ती नुसत्या लाकडाची नाही. इथल्या 'गाकगुंग'मध्ये, म्हणजे शिंगाच्या कमानीत, गाभा बांबूचा, मूठ ओकची, टोकं तुतीच्या लाकडाची. तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीचं शिंग, कारण ती बाजू दाबली जाते आणि शिंग दाब सोसतं. पलीकडच्या बाजूला गुरांच्या स्नायूंचे तंतू पिंजून सरसात बसवलेले, कारण ती बाजू ताणली जाते. सरस माशाच्या वायुपिशवीचा. वरून भूर्जाची साल. गंमत म्हणजे कोरियात म्हशी नाहीत! शिंगं पूर्वी चीनमार्गे बाहेरून यायची, त्यामुळे शिंगांचा पुरवठा हा राज्याच्या काळजीचा विषय होता. दोरी उतरवली की ही कमान उलट्या दिशेने वळते आणि दोन्ही टोकं जवळजवळ एकमेकांना भेटतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मोडलीय असंच वाटतं.

सरसाला ओल चालत नाही. म्हणून या कमानी गरम पेटीत ठेवतात, आणि दोरी चढवण्याआधी शेकून, गुडघ्याखाली दाबून कमानीचे दोन्ही बाहू सरळ करतात. चढवताना जरा पीळ राहिला तर कमान उलटते आणि कधी तुटतेही. नवशिक्याच्या हातात ही देतच नाहीत. आम्ही फायबरच्या कमानी आणि कार्बनचे बाण वापरतो. पाचव्या दर्जाच्या परीक्षेपासून पुढे मात्र शिंगाची कमान आणि बांबूचे बाण सक्तीचे.

मैदानाला 'जोंग' म्हणतात. सोलमधलं ह्वांगहाकजोंग १८९९ चं, सम्राट गोजोंगच्या हुकमाने राजवाड्याच्या आवारात बांधलेलं; १९२२ मध्ये ते इन्वांगसान डोंगराच्या पायथ्याशी हलवलं. नियम सगळीकडे तेच. एका फेरीत पाच बाण, रांगेतल्या प्रत्येकाने आळीपाळीने एकेक. पहिला बाण सोडण्याआधी 'मी धनुष्य शिकतो आहे' असं मोठ्याने म्हणायचं, बाकीचे 'पुष्कळ लागोत' म्हणतात. सत्तरीचे आजोबा, चाळीस वर्षं नेम धरणारे, तेही हेच म्हणतात. त्यानंतर रेषेवर कुणी बोलत नाही.

लक्ष्य २ मीटर रुंद, २.६७ मीटर उंच, थोडं मागे कललेलं. कुठेही लागला तरी लागला, मध्यभागाला जास्त गुण वगैरे नाही. बऱ्याच मैदानांवर बाण दोरीवरच्या डब्यातून परत येतात, तेवढंच चालणं वाचतं.

विचारा काय विचारायचं ते.

---

बोरकूट

रुमाल टाकतोय. रात्री वाचतो.

---

माणदेशी_नेम

वाचनखूण साठवली. मी साताऱ्याकडचा, कंपाऊंडवाला, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या कमानीचा. २०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे दोघांनी वैयक्तिक जागतिक सुवर्ण मिळवलं तेव्हापासून आमच्याकडे पोरांची रीघ लागलीय. आमचा हात दोरीला लागतच नाही, रिलीजचा चिमटा धरतो. गंमत म्हणजे त्यातल्या एका प्रकाराला अंगठ्याने दाबायचं बटण असतं, म्हणजे अंगठा आहेच!

दोन शंका. एक, ओढून झाल्यावर हात कुठे टेकवता? आम्हाला जबड्यावर ठरलेली जागा असते, ती एक केसभर हलली तर बाण दुसरीकडे. दोन, १४५ मीटरवर नेमकाठीशिवाय नेम कसा?

---

सुवोनकर

@माणदेशी_नेम, वाटच बघत होतो कुणी कंपाऊंडवाला कधी येतो.

हात जबड्यावर थांबत नाही, कानामागे जातो. बाणाची काडी गालाला, तोंडाच्या कोपऱ्यापाशी हलकी लागते, तीच खूण. मूठ हवेतच असते, त्यामुळे पाठ आणि खांदे किती ओढले गेलेत यावर सगळं अवलंबून. तुमच्याइतकी काटेकोर जागा नाही, हे खरं.

नेम: बाणाचं टोक किंवा डावी मूठ कशावर धरायची हे प्रत्येकजण आपल्या कमानीच्या ताकदीप्रमाणे शोधतो. जड कमान असेल तर मूठ लक्ष्याच्या जवळ, हलकी असेल तर वर, मागच्या डोंगराच्या रेषेवर. त्यामुळे दुसऱ्या गावच्या मैदानावर गेलं की डोंगर वेगळा आणि आधी गोंधळ. वाऱ्याचा अंदाज घ्यायला लक्ष्यापाशी कापडी पट्टी असते.

अजून एक फरक तुम्हाला आवडेल. सोडताना डाव्या मुठीला बारीक वळण द्यायचं, म्हणजे कमान बाणाच्या वाटेतून बाजूला होते. तुर्की-इराणी पद्धत शिकणारे त्याला 'खत्रा' म्हणतात. जपानी क्यूदोत तर सुटल्यावर कमान मुठीत पूर्ण फिरते आणि दोरी हाताच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबते. त्यांचीही पकड अंगठ्याचीच, फक्त अंगठीऐवजी हरणाच्या चामड्याचा हातमोजा, त्यातला अंगठा कडक केलेला आणि बुडाशी दोरीसाठी खाच. आणि तिथे कमान दोन मीटरहून लांब! म्हणजे माझा वर लिहिलेला 'आखूड कमान म्हणून अंगठा' हा नियम जपानला लागू नाही. तिथे अंगठा बहुधा मुख्य भूमीवरून चालत आलेल्या सवयीचा भाग असावा.

---

संस्कृतवेडी

सुंदर धागा. एकलव्याचं नाव अजून कसं आलं नाही?

महाभारताच्या आदिपर्वात गोष्ट अंगठा कापून देण्यावर संपत नाही. त्यानंतर निषादपुत्र बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीइतका वेग राहिला नाही, असं स्पष्ट म्हटलंय. लहानपणी ऐकताना आपण समजतो की अंगठा गेला म्हणजे धनुष्यच गेलं. मूळ गोष्ट जास्त बारीक आहे: विद्या राहिली, वेग गेला. सुवोनकर, तुम्ही पकडीचं जे सांगितलंत त्याच्याशी हे अगदी जुळतं.

---

खडूस_काका

झालं. आता दहा प्रतिसादांत सगळं आमच्याकडूनच गेलं असं सिद्ध होणार.

ताई, अंगठा कापला की अडचण होते यावरून अंगठ्याची पकड सिद्ध होत नाही. बाणाची शेपटी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढणारे लोक जगभर आहेत. त्यांनाही अंगठा लागतोच. गोष्टीतून पकड काढायची असेल तर आणखी काही दाखवा.

---

संस्कृतवेडी

काका, दाखवते.

वासिष्ठ धनुर्वेद या धनुर्विद्येवरच्या संस्कृत ग्रंथात दोरी ओढायच्या पाच मुठी दिल्यात: पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी, काकतुंडी. पताकेत तर्जनी लांब ठेवून अंगठ्याच्या मुळाशी टेकवायची, ती दूरच्या माऱ्याला. वज्रमुष्टीत अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये घुसवायचा, ती जाड नाराच बाणांसाठी. सिंहकर्णात तर्जनीचं टोक अंगठ्याच्या मध्यावर, मत्सरीत अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी, काकतुंडीत अंगठ्याच्या टोकावर, ती बारीक लक्ष्याला. पाचही मुठी अंगठा आणि तर्जनीच्या जागेवरूनच ओळखायच्या. मत्सरी वाचली आणि सुवोनकरांचं 'नखावर तर्जनी दुमडून कडी' वाचलं, तर मला फरक दिसत नाही.

महाभारतात योद्ध्यांच्या वर्णनात गोधा आणि अंगुलित्राण बांधल्याचे उल्लेखही पुष्कळ आहेत. गोधा म्हणजे डाव्या हाताला दोरीचा फटका बसू नये म्हणून बांधायचं चामडं, अंगुलित्राण बोटांचं रक्षण.

'आमच्याकडूनच गेलं' असं मी कुठेही म्हटलेलं नाही. :)

---

खडूस_काका

मत्सरीचा मुद्दा मान्य. अंगुलित्राणाचा नाही, कारण ते कुठल्या बोटाचं ते त्यात नाही. मोजेही असतील.

आणि जुनं कोण असा प्रश्न असेल तर हातात धरता येईल असा पुरावा चीनचा आहे. अन्यांगला १९७६ मध्ये फू हाओ या शांग घराण्यातल्या राणीची न लुटलेली कबर सापडली, इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपासची. त्यात जेडची तिरंदाजीची अंगठी आहे, मागे दोरीसाठी खोबण कोरलेली आणि बांधायला भोकं. ही बाई सैन्य घेऊन लढायला जायची, हे हाडांवर कोरलेल्या लेखांत आहे. म्हणजे अंगठी नुसती दागिना असेल असंही नाही.

---

धडगावी_मास्तर

नंदुरबार जिल्ह्यात बरीच वर्षं शाळेवर आहे. इकडच्या भिल्लांचा तीरकामठा पाहिलेल्यांना माहीत असेल, दोरी सुताची नाही, बांबूच्या चिरफळीची. कामठाही बांबूचाच. बाण तर्जनी आणि मधल्या बोटात धरून ओढतात. जुनी माणसं सांगतात की अंगठा लावायचा नाही, एकलव्याने दिला तो दिला. वर्गातली पोरंही हेच सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

काका विचारतील म्हणून आधीच लिहितो: हे सांगणं किती जुनं ते मला ठरवता येणार नाही. पण एकलव्य आपला, ही भावना पक्की आहे.

---

सुवोनकर

@धडगावी_मास्तर, असा प्रतिसाद आला की धागा काढल्याचं सार्थक होतं. मला वाटतं, बांबूची दोरी अंगठ्याच्या पेरात वळवण्याइतकी मऊही नसावी, त्यामुळे बोटांची पकड तिथे सोयीचीही आहे. श्रद्धा आणि सोय एकाच ठिकाणी भेटल्यात.

---

गडभटक्या

अवांतर, पण विषयाला धरून. सुवोनकरांनी सरसाला ओल चालत नाही म्हटलंय. मुघलांच्याही कमानी शिंग-स्नायूंच्याच होत्या. आपल्या पावसाळ्यात अशा कमानीचे काय हाल होत असतील! म्हणून हिंदुस्थानात एक वेगळीच चीज तयार झाली: पोलादी कमान. सतराव्या-अठराव्या शतकातले नमुने संग्रहालयांत आहेत. आकार शिंगाच्या कमानीसारखाच, काहींवर कोफ्तगारी, म्हणजे पोलादात सोनं ठोकून बसवलेली नक्षी. शिंगाच्या कमानीइतकी फेक नाही, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी बिघडत नाही. कोठीतून काढा, दोरी चढवा, चालवा.

अंगठ्यांची हौस मात्र बादशाही. शाहजहानची पांढऱ्या जेडची अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मुघल चित्रं नीट बघा, अमिरांच्या अंगठ्यात किंवा कमरपट्ट्याला लटकलेली अशी अंगठी दिसते. दंडावरच्या बाजूबंदाकडे लक्ष जातं आणि हे निसटतं.

---

बोरकूट

वाचलं. झोप उडाली. तुर्कांचं कुणीच लिहिलं नाही? इस्तंबूलला गेलो होतो तेव्हा ओकमैदानी नावाच्या भागातून टॅक्सी गेली, चालक म्हणाला इथे सुलतान बाण मारायचे. मला वाटलं पर्यटकाला गंडवतोय.

---

सुवोनकर

चालक खरं बोलत होता. ते मैदान सुलतान फातिह मेहमदने तिरंदाजांसाठी राखलं. तिथे लक्ष्य भेदण्यापेक्षा लांब फेकण्याची चुरस असायची. विक्रमी बाण पडला त्या जागी दगडी खांब उभारत, काही अजून वस्तीच्या मध्ये उभे आहेत. तोझकोपारान इस्केंदर या तिरंदाजाच्या नावावर साडेआठशे मीटरच्या घरातली फेक आहे. अतिशयोक्ती वाटेल, म्हणून दुसरा दाखला: अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या तुर्की वकिलातीचा सचिव महमूद एफेंदी याने इंग्रज तिरंदाजांसमोर सुमारे ४४० मीटर बाण मारून दाखवला. इंग्रजांनी ते अंतर मोजून नोंदवलं. त्यांच्या लांब धनुष्यांना तेवढं जमत नव्हतं.

पकडीबद्दल एक भारी गोष्ट राहिली. जुन्या अरबी तिरंदाजीत या पकडीचं नाव 'त्रेसष्ट'. त्या काळी बाजारात बोटांच्या खुणांनी आकडे दाखवत, आणि त्रेसष्टची खूण करताना अंगठा-तर्जनी जशी येते तशीच ही कडी. सगळ्यात मजबूत पकड म्हणून ती सांगितलीय.

तुर्की तिरंदाजी २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. इथली तिरंदाजी २०२० मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय वारशात नोंदली गेली.

---

गोधडी

मी मंगोलियात उलानबातरला नादाम हा खेळांचा उत्सव बघितलाय. तिथेही अंगठाच. पुरुष ७५ मीटरवरून जमिनीवर रचलेल्या चामड्याच्या छोट्या नळकांड्यांवर मारतात. पंच लक्ष्याच्या अगदी शेजारी उभे! बाण लागला की हात वर करून लांब हेल काढून ओरडतात. त्यांच्या जिवाचीच मला जास्त काळजी वाटत होती.

---

पुणेरी_पगडी

बाकी ठीक. मला करून बघायचंय. पुण्यात क्लबचं ऑलिम्पिकवालं रिकर्व्ह धनुष्य आहे, ऑनलाइन एक तुर्की अंगठीही मागवलीय. चालेल का? अंगठी सैल होतेय, आतून चिकटपट्टी लावू का?

---

सुवोनकर

@पुणेरी_पगडी, नका करू. दोन्ही.

धनुष्य: क्लबच्या उजव्या हाताच्या रिकर्व्हची खिडकी, म्हणजे बाणासाठी मुठीच्या वर कापलेली जागा, डावीकडे असते. अंगठ्याच्या पद्धतीत बाण उजवीकडे हवा, तिथे त्याला जागाच नाही. फारच हौस असेल तर डावखुऱ्यांचं रिकर्व्ह डाव्या हातात धरून काहीजण काम भागवतात, खिडकी बरोबर बाजूला येते, पण मूठ उलट्या हाताची असल्याने टोचते. साधी, खिडकी नसलेली फायबरची घोडेस्वारी कमान घ्या, ओढायला २० ते २५ पौंड जोर लागेल अशी. तीस-पस्तीस घेऊ नका, पहिल्या महिन्यात अंगठ्याचं बूड सुजेल आणि नाद सोडाल.

बाण: पिसं खरी हवीत. प्लास्टिकची पाती हाताला आणि कमानीला आपटून बाण भरकटवतात. पिसाचं पुढचं टोक डाव्या अंगठ्याला कापतं, तिथे दोऱ्याचे वेढे देऊन थेंबभर गोंद लावा.

अंगठी: तुर्की अंगठीचं भोक गोल नसतं, अंडाकृती असतं. आडवी घालायची, सांध्यापलीकडे नेली की कुलपातल्या किल्लीसारखी पाव फेरी फिरवायची, म्हणजे तिची जीभ अंगठ्याच्या गादीवर येते. फिरवल्यावर अंगठा किंचित वाकवून ओढून बघा. न फिरवता निघाली तर ती सैल आहे, आणि ताणाखाली ती दोरीबरोबर पुढे उडते. कुणाच्या तोंडाच्या उंचीवर असते, विचार करा. चिकटपट्टीने माप बदलत नाही, फक्त घसरायला उशीर होतो. आधी काही महिने अंगठ्यावर चढवायची चामड्याची टोपी वापरा, कुठल्याही चप्पल शिवणाऱ्याकडून मऊ चामड्याची करून मिळेल. कोरियन पद्धतीतही दोन प्रकार आहेत: गादी झाकणारी 'आमक्काकजी', आणि पुढे खुंटीसारखी निघालेली, जिच्यात दोरी अडकते ती 'सुक्काकजी'. नवख्याला पहिली.

आणि बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. मित्रांनाही सोडू देऊ नका, हा उद्योग पाहुणे करतात.

---

पुणेरी_पगडी

अंगठी परत करतो. चप्पल शिवणारे शनिवारी असतात आमच्या कोपऱ्यावर, त्यांना विचारतो. माप कसं द्यायचं? अंगठ्याचं की सांध्याचं?

---

सुवोनकर

सांध्याचं. आणि संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं.

---

माणदेशी_नेम

@पुणेरी_पगडी, टोपी झाली की फोटो टाका. मलाही एक करायचीय, पण आमच्या सरांना कळलं तर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावतील.